कवडशातली धूळ आणि रॉबर्ट ब्राउन

घाटनांदूरला बँकेत होतो तेव्हा मी ज्या घरात भाड्याने राहत असे, ते जुने माळवदाचे घर होते. पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, आडव्या तुळया आणि छताच्या मधोमध वीतभर रुंदीचे साणे. परळीहून लातूर रोडकडे जाणारी गाडी स्टेशनात शिरली की तिचा आवाज त्या साण्यातूनच आधी आत येई. सकाळी नऊच्या सुमारास तिथूनच उन्हाचा एक तिरका खांब खोलीत उतरत असे. घरमालकीण आजी ओसरीवर ज्वारी पाखडायला बसल्या की त्या खांबात धुळीचे हजारो कण चमकू लागत. वर जात, खाली येत, एकमेकांना ओलांडून जात. बँकेत जायला उशीर होत असला तरी मी चहाचा कप हातात धरून तो खेळ पाहत राही.

हा खेळ पाहणारा मी काही पहिला नव्हे. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी कवडशातल्या या कणाला त्रसरेणु असे नावच देऊन ठेवले आहे. मनुस्मृतीत सोन्याचांदीच्या वजनांचे कोष्टक या कणापासून सुरू होते. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे उवेचे अंडे, आणि तिथून पुढे मोहरी, जव, गुंज अशी चढती मापे. वैशेषिक परंपरेने तर हा कण सहा परमाणूंचा मानला. तिकडे रोमचा कवी ल्युक्रेशियस यानेही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात असाच कवडसा पाहिला आणि या कणांना न दिसणारे अणू धक्के देत असावेत, असा तर्क केला.

तर्क सुंदर होता, पण कवडसा ही काही त्याची साक्ष नव्हे. साध्या डोळ्यांना दिसणारी धूळ त्या मानाने फार जड असते. तिला नाचवतो तो खोलीतला वारा. उन्हाने तापलेली हवा वर जाते, थंड हवा खाली येते, आजींचे सूप हलते, आपण श्वास सोडतो, त्या प्रवाहांवर हे कण तरंगत असतात. अणूंच्या धक्क्याने होणारी खरी हालचाल याहून कितीतरी बारीक आहे. ती पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. आणि आपण पाहतो आहोत तो वाऱ्याचा खेळ नव्हे, याची खात्री करून घ्यायला एक विशिष्ट स्वभावाचा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे रॉबर्ट ब्राउन. शाळेच्या पुस्तकात ब्राउनीय गती म्हणून दोन ओळींत त्याचे नाव येते आणि तिथेच संपते. त्या दोन ओळींतही बहुधा एक चूक असते. तिच्याकडे पुढे येऊच.

ब्राउनचा जन्म २१ डिसेंबर १७७३ चा, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या माँट्रोज गावचा. वडील धर्मोपदेशक होते आणि राजनिष्ठेच्या बाबतीत सरकारच्या विरुद्ध बाजूचे. सत्तेपुढे न वाकता आपल्या मतावर ठाम राहणे हे त्या घरात नवे नव्हते. मुलगा आधी अॅबर्डीनला आणि मग एडिंबरोला वैद्यक शिकायला गेला. पण शवविच्छेदनापेक्षा डोंगरकपारीतल्या वनस्पतींत त्याचा जीव अधिक रमला आणि पदवी न घेताच त्याने शिक्षण सोडले. पोटासाठी पलटणीत वैद्याचा मदतनीस म्हणून तो भरती झाला आणि पलटणीबरोबर आयर्लंडला गेला. तिथे लढाई फारशी नव्हती, वेळ मात्र भरपूर होता. इतरांनी तो पत्त्यांत आणि दारूत घालवला असेल. ब्राउन जर्मन शिकला, शेवाळी गोळा करत हिंडला, रोज काय पाहिले ते टिपून ठेवत गेला.

१७९८ मध्ये लष्करी कामासाठी लंडनला आला असताना त्याला सर जोसेफ बँक्स यांच्या ग्रंथालयात प्रवेश मिळाला. बँक्स हे कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा केलेले निसर्गशास्त्रज्ञ, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष आणि त्या काळच्या इंग्लंडमधल्या विज्ञानाचे जणू कारभारी. १८०० च्या अखेरीस त्यांनी ब्राउनला विचारले, की ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजायला जहाज निघते आहे, निसर्गशास्त्रज्ञ म्हणून येणार का. सत्तावीस वर्षांच्या ब्राउनने होकार द्यायला वेळ लावला नाही.

कॅप्टन मॅथ्यू फ्लिंडर्सचे ते जहाज, इन्व्हेस्टिगेटर, जुलै १८०१ मध्ये निघाले आणि डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य टोकाला लागले. ब्राउनबरोबर फर्डिनंड बाउअर नावाचा विलक्षण चित्रकार होता आणि पीटर गुड नावाचा माळी. साडेतीन वर्षांत ब्राउनने सुमारे ३,४०० जातींच्या वनस्पती जमवल्या. त्यांतल्या दोन हजारांच्या आसपास विज्ञानाला पूर्वी ठाऊकच नव्हत्या. पण या मोहिमेवर साडेसाती होती. जहाजाची लाकडे कुजलेली निघाली. माळी गुड १८०३ मध्ये सिडनीत आजारपणात गेला. फ्लिंडर्स दुसऱ्या जहाजाने मायदेशी निघाला तर ते प्रवाळाच्या खडकावर फुटले आणि ब्राउनच्या संग्रहाचा मोठा भाग समुद्रात गेला. पुढे फ्लिंडर्स मॉरिशसला फ्रेंचांच्या हाती सापडला आणि १८१० पर्यंत अडकून पडला. ब्राउन आणि बाउअर मागे राहिले होते. डागडुजी केलेल्या त्याच इन्व्हेस्टिगेटरमधून ते १८०५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडला पोहोचले.

उरलेल्या संग्रहावर ब्राउन पाच वर्षे बसला. १८१० मध्ये त्याने ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतींवरचा आपला लॅटिन ग्रंथ पदरमोड करून छापला. प्रती काढल्या २५०. खपल्या इतक्या थोड्या की त्याने हात टेकले आणि पुढचा भाग कधी काढलाच नाही. आज तोच ग्रंथ वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात मैलाचा दगड मानला जातो. पुस्तके खपत नाहीत म्हणून खंतावणाऱ्या माझ्यासारख्या मराठी कादंबरीकाराला हा आकडा मोठा धीर देतो, हे इथे सांगून टाकतो.

त्याच सुमारास आणखी एक कडू अनुभव त्याच्या वाट्याला आला. १८०९ च्या आरंभी त्याने एका वनस्पतिकुळावरचा निबंध विद्वत्सभेत वाचला. तो छापून येण्याआधीच त्यातली बरीच नावे दुसऱ्याच्या पुस्तकात झळकली. सभेत बसून ऐकलेले लक्षात ठेवून कोणी ते केले, याची उघड चर्चा झाली. यानंतर ब्राउनने तोंड अधिकच मिटले की तो मुळातच तसा होता, हे कसे सांगावे? पण उभ्या आयुष्यात त्याने फार थोडे छापले आणि जे छापले ते पुन्हा पुन्हा तपासून. चार्ल्स डार्विन तरुणपणी त्याच्याकडे जात असे. म्हातारपणी आठवणी लिहिताना त्याने नोंदवले आहे की ब्राउनपाशी ज्ञान अफाट होते, पण चूक होण्याच्या धास्तीने त्यातले बरेचसे त्याच्याबरोबरच गेले.

आता घाटनांदूरकडे परत येतो. स्टेशनकडून गावात येताना, शेताच्या बांधावर, पडक्या वाड्याच्या भिंतीत, उकिरड्याच्या कडेला रुई उगवलेली दिसते. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ चढते. या रुईच्या प्रजातीला कॅलोट्रोपिस हे शास्त्रीय नाव दिले ते ब्राउनने. रुईच्या साऱ्या गोतावळ्याचे वेगळे कूळ त्याने १८१० मध्ये मांडले. (अलीकडच्या वर्गीकरणात ते पुन्हा कण्हेरीच्या कुळात विलीन झाले आहे.) अनंतमूळ आणि कुडा यांच्या प्रजातींची नावेही त्याचीच. ज्या माणसाने मराठवाडा कधी पाहिला नाही, त्याच्या हातची पाटी आपल्या बांधावरच्या झाडावर लागलेली आहे.

रुईचे फूल उलगडून पाहिले तर एक गंमत दिसते. इतर फुलांसारखे तिचे पराग मोकळे नसतात. ते दोन मेणचट पिशव्यांत बांधलेले असतात आणि त्या पिशव्या एका चिमट्याला बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या दोन बाजूंनी लटकतात. भुंग्याचा पाय त्या चिमट्यात अडकला की गोणीच उचलली जाते. परागातले नेमके काय बीजापर्यंत पोहोचते आणि ते कोणत्या वाटेने, हा प्रश्न ब्राउनच्या मनात वर्षानुवर्षे घोळत होता. त्याच प्रश्नाच्या मागे जाताना त्याला ती हालचाल दिसली.

साल १८२७. बँक्स १८२० मध्येच वारले होते. मृत्युपत्राने त्यांनी ब्राउनला वर्षाला दोनशे पौंडांचे वर्षासन, सोहो चौकातले घर आणि ग्रंथालय व वनस्पतिसंग्रह यांचा हयातभर ताबा दिला होता. १८२७ मध्ये ब्राउनने तो संग्रह ब्रिटिश म्युझियमच्या स्वाधीन केला आणि स्वतः त्याचा राखणदार म्हणून तिथे रुजू झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात तो क्लार्किया पुल्केला या अमेरिकी फुलझाडाचे पराग पाण्यात ठेवून पाहत होता. सूक्ष्मदर्शक अगदी साधा, एकाच भिंगाचा. भिंगाचे नाभीय अंतर इंचाचा बत्तिसावा भाग. परागकणांतून बाहेर पडलेले बारीक दाणे, इंचाच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढे, पाण्यात एकसारखे हलत होते. जागा बदलत होते, मध्येच स्वतःभोवती फिरत होते.

पुस्तकातली चूक म्हणालो ती इथली. परागकण हलताना दिसले, असे आपण शिकतो. परागकण अशा हालचालीला फार मोठे. हलत होते ते त्यांच्या पोटातले दाणे.

पराग म्हणजे वनस्पतीचे पुरुषबीज. त्याच्या पोटात हलणारे दाणे दिसल्यावर कोणाच्याही मनात काय येईल? हाच तो जीवनाचा अंश. ब्राउनच्याही मनात तेच आले. त्याने दुसऱ्या झाडांचे पराग पाहिले, त्यांतही हालचाल होती. सृष्टीच्या मुळाशी असलेले रहस्य आपल्या भिंगाखाली सापडले आहे, असे वाटण्याचा तो क्षण होता. तिथेच थांबून त्याने निबंध लिहिला असता, तर टाळ्या मिळाल्या असत्या.

तो थांबला नाही. हालचाल जीवनाची असेल तर मेलेल्या झाडात ती नसावी, असा विचार करून त्याने संग्रहातल्या वाळलेल्या वनस्पती काढल्या. वीस वर्षांपूर्वीच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या. त्यांचेही दाणे हलत होते. मग त्याने पराग सोडून पाने आणि देठ कुटले. तेही हलले. डिंक घेतला, दगडी कोळसा घेतला, लंडनच्या चिमण्यांची काजळी घेतली. सगळे हलत होते. शेवटी ज्यात जीव असण्याचा प्रश्नच नाही अशा वस्तूंकडे तो वळला. खिडकीची काच कुटली. धातू, लाव्हा, ज्वालामुखीची राख, उल्कापाषाण यांची भुकटी केली. इजिप्तच्या स्फिंक्सचा एक तुकडा होता, तोही त्याने कुटला. पुरेशी बारीक पूड पाण्यात टाकली की तीच अस्वस्थ, न थांबणारी हालचाल. जीवनाचे रहस्य त्याने स्वतःच्या हाताने खलबत्त्यात घालून कुटून टाकले.

मला इथे माझ्या नोकरीतली एक गोष्ट आठवते. घाटनांदूर सोडून बरीच वर्षे झाली होती आणि मी तपासणीच्या कामावर होतो. दूरच्या एका शाखेत १,८०० रुपयांचा मेळ लागत नव्हता. एका लिपिकाबद्दल कुजबुज होती. मी दोन-तीन व्हाउचरे पाहिली, ती त्या कुजबुजीला जुळली आणि मी अहवाल लिहून मोकळा झालो. सहा महिन्यांनी कळले की लेजरमध्ये ८,६४० च्या जागी ६,८४० असा आकडा उलटा पडला होता. फरकाला नऊने भाग गेला की आधी उलटा आकडा शोधावा, हे बँकेतला कोणताही जुना माणूस नवख्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतो. मी ते करून पाहिले नव्हते, कारण मला हवे ते उत्तर आधीच मिळाले होते. अहवाल दुरुस्त झाला. पण तोवर त्या माणसाची बदली होऊन गेली होती आणि गावात जे बोलले गेले ते कोणत्याही कागदाने परत घेता येण्यासारखे नव्हते. ब्राउनविषयी पुढे वाचले तेव्हा स्फिंक्सच्या त्या तुकड्यापाशी मी बराच वेळ थबकलो. आपल्याला आवडलेल्या उत्तरावर असा घण घालायला वेगळी छाती लागते.

१८२८ मध्ये ब्राउनने आपली निरीक्षणे एका लहानशा पुस्तिकेत छापून स्नेह्यांना वाटली. लोकांनी तिचा हवा तसा अर्थ लावला. दगडालाही जीव आहे असे ब्राउन म्हणतो, असा गवगवा झाला. १८२९ मध्ये त्याला पुरवणी काढून आपण असे म्हटलेले नाही, हे सांगावे लागले. त्याच पुरवणीत त्याचा सर्वांत देखणा प्रयोग आहे. पाण्याचे प्रवाह किंवा बाष्पीभवन यांमुळे कण हलत असतील, हा आक्षेप त्याला खोडायचा होता. त्याने पाण्याचे सूक्ष्म थेंब बदामाच्या तेलात सोडले. तेलाने वेढलेल्या थेंबातले पाणी उडून जात नाही. काही थेंब तर इतके लहान होते की त्यात एकच कण मावावा. तो एकटा कणसुद्धा हलतच राहिला. शेजारी कोणी ढकलणारा नव्हता, पाणी आटत नव्हते, तरी तो हलत होता. आपल्या आधी इतरांनीही अशी हालचाल पाहिली होती, हेही त्याने नावांनिशी नोंदवले. मायकेल फॅरडेने त्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयावर व्याख्यान दिले.

मग कण हलतात तरी का? ब्राउनने उत्तर दिले नाही. त्यानंतर तो जवळजवळ तीस वर्षे जगला, पण अंदाजाने काही ठोकून दिले नाही. दरम्यान १८३१ मध्ये ऑर्किड आणि रुईच्या कुळाच्या परागीकरणावरचा निबंध वाचताना त्याने पेशीच्या आतल्या एका गोल ठिपक्याकडे लक्ष वेधले आणि त्याला नाव दिले. तेच आज आपण केंद्रक म्हणून ओळखतो. एका माणसाच्या आयुष्याला एवढे पुरे झाले असते. त्याने ते जाता जाता केले.

उत्तर आले १९०५ मध्ये, स्वित्झर्लंडच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइनकडून. पुढच्याच वर्षी पोलंडच्या स्मोलुकोव्हस्कीने स्वतंत्र वाटेने तेच मांडले. समजायला परळीची महाशिवरात्र डोळ्यांपुढे आणा. वैजनाथाच्या देवळासमोर गर्दी उसळली आहे आणि त्यात कोणी एक मोठी छत्री उघडून उभा आहे. आपण इतक्या दुरून पाहतो आहोत की माणसे दिसत नाहीत, फक्त छत्रीचा ठिपका दिसतो. माणसे चारही बाजूंनी रेटतात, पण प्रत्येक क्षणी रेटा सारखा नसतो. कधी डावीकडून दोन जण जास्त, कधी मागून तीन. म्हणून छत्री अशी वेडीवाकडी सरकते. पाण्याचे रेणू म्हणजे ती गर्दी आणि ब्राउनचा कण म्हणजे ती छत्री. आइन्स्टाइनने हिशेब दिला की असा कण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात दूर जातो. दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. फ्रान्समध्ये झाँ पेरँने १९०८ पासून कणांच्या जागा टिपून हा हिशेब ताडून पाहिला आणि छत्रीच्या डुलण्यावरून गर्दीची शिरगणती करावी तशी रेणूंची संख्या काढली. १८ ग्रॅम पाण्यात सहावर तेवीस शून्ये इतके रेणू. अणू ही नुसती सोयीची कल्पना आहे, असे म्हणणाऱ्या बड्या शास्त्रज्ञांनाही मग मान तुकवावी लागली. पेरँना १९२६ चे नोबेल मिळाले.

बँकेच्या माणसाला आवडेल असा एक धागा राहिला. आइन्स्टाइनच्या पाच वर्षे आधी, १९०० मध्ये, पॅरिसच्या लुई बाशेलिए या विद्यार्थ्याने शेअरबाजारातल्या भावांची चढउतार अशाच गणिताने मांडली होती. पाण्यातला कण आणि सट्टेबाजाचा भाव यांची चाल एकच निघाली. त्याच्या प्रबंधाकडे कित्येक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही.

आणि हवा? हवेतही हे घडते, फक्त कण धुराच्या कणाएवढा बारीक हवा. शिकागोत मिलिकन यांचा विद्यार्थी हार्वे फ्लेचर याने तेलाच्या सूक्ष्म थेंबांवर ते मोजले आणि १९११ मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळवली. आज हा प्रश्न आपल्या छातीशी येऊन भिडला आहे. परळीच्या औष्णिक केंद्राची राख आमच्या भागाला नवी नाही. तिचे ठसठशीत कण नाकाघशात अडतात. पण कोणत्याही धुरातले एक दशांश मायक्रॉनहून बारीक कण ब्राउनच्याच गतीने भरकटत फुप्फुसाच्या तळाशी जाऊन चिकटतात. २०२० च्या साथीत आपण जे एन-९५ मुखपट्टे बांधले, त्यांची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांवर होते ती याचसाठी. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात, त्याहून लहान कण भरकटत धाग्यांना चिकटतात. मधले तेवढे निसटू पाहतात.

ब्राउनने लग्न केले नाही. एडिंबरोची प्राध्यापकी चालून आली, ती नाकारली. हम्बोल्टसारख्या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाने त्याला वनस्पतिशास्त्रज्ञांत अग्रणी मानले होते. १० जून १८५८ रोजी, सोहोतल्या बँक्स यांच्याच वास्तूत, तो वारला. लिनियन सोसायटीची १७ जूनची सभा त्याच्या निधनामुळे पुढे ढकलली गेली. ती १ जुलैला भरली, आणि मधल्या दोन आठवड्यांत वॉलेसचे टपाल डार्विनच्या हाती पडलेले असल्यामुळे त्या सभेत डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीवरचे निबंध वाचले गेले. ब्राउनच्या मृत्यूने रिकामी झालेली तारीख विज्ञानातल्या एका मोठ्या विचाराला मिळाली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाला जागा करून देणाऱ्या माणसाने जाताना तेवढे आणखी केले.

गेल्या वर्षी घाटनांदूरला पुन्हा जाणे झाले. आजी केव्हाच गेल्या. माळवद उतरवून तिथे स्लॅबचे घर झाले आहे, साणे नाही. मागच्या पडक्या भिंतीत रुई मात्र फुललेली होती. एक भुंगा फुलावरून उडाला. त्याच्या पायाला ती गोणी लागली होती की नाही, ते माझ्या चष्म्यातून नीट दिसले नाही. लागली असेल असे समजून मी पुढे चाललो होतो. मग परत फिरलो आणि दुसरा भुंगा येईपर्यंत तिथेच उभा राहिलो.